गाठोड्यातले नऊ दिवस

तुम्ही खोटं लिहिलंत. माझ्या मुलीच्या नावासमोर नऊ दिवस तुम्ही एक काळीज लिहून ठेवलंत आणि ते तिचं नव्हतं. कागदावर शिक्का आहे, सही आहे, सहीखालचं नाव मात्र वाचता येत नाही. म्हणून मी कुणाचं नाव घेत नाही. खाली शहरात काचेच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर बसणारे, एवढंच म्हणते. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी बासिलिया लिमाची. शहराच्या वर, डोंगरपठारावर, एल आल्तोत राहते. दर गुरुवारी आणि रविवारी 'सोळा जुलै' नावाच्या बाजारात निळं प्लास्टिक अंथरून जुनी घड्याळं, रिमोट, चार्जर, बॅटऱ्या विकते. शाळा दोनच वर्षं पाहिली. वाचायला शिकले सव्विसाव्या वर्षी, यंत्रांच्या खोक्यातून निघणाऱ्या माहितीपत्रकांवरून. त्यामुळे कुठलाही कागद हातात आला की मी आधी बॅटरी किती दिवस चालते ते शोधते. हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येणार आहे.

माझी मुलगी दानित्सा, पंधरा वर्षांची. गेल्या नोव्हेंबरात शाळेच्या मागच्या मैदानावर तिंकू नाचाची तालीम चालली होती. आभाळ भरून आलं तसं मास्तरांनी शिट्टी वाजवून पोरांना आत बोलावलं. दानित्सा आणि तिची मैत्रीण मिरेया मागे राहिल्या, कारण मिरेयाच्या सँडलचा पट्टा तुटला होता. दानित्सा चार पावलं पुढे होती. वीज मिरेयावर पडली.

माझ्या मुलीला खरचटलंसुद्धा नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरनं डोळ्यात उजेड मारून पाहिला आणि म्हणाला, "नशीबवान आहे." त्या दिवसापासून ती नशीबवान पोरगी जेवेना. बोलेना. नाताळ गेला, सुट्टी गेली. तिच्यासमोर चाइरोचा वाडगा ठेवला की ती त्यातला एक बटाटा चमच्यानं ह्या कडेहून त्या कडेला नेत बसायची, आणि सूप गार झालं की उठायची. आभाळात गडगडलं की सगळी माणसं दार लावतात. ही दार उघडायची.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाली आणि तुमचा माणूस आला. तरुण होता, अंगात खिसेवालं जाकीट, छातीवर तुमची खूण. पालकांची सभा घेतली. म्हणाला, हे मनगटी पट्टे आहेत, मुलांनी दिवसरात्र घालायचे, आंघोळीला तेवढे काढायचे. ठोक्यांच्या चालीवरून कळतं की कुठल्या मुलाच्या मनावर ताण आहे. मुलानं सांगायच्या आधी कळतं.

पालक समितीचा अध्यक्ष फाउस्तो, धंद्यानं गवंडी, त्यानं हात वर केला. "मन मनगटात असतं का?"

"हृदय आणि मन जोडलेली असतात, सेन्योर."

"हे माझ्या बायकोला येऊन सांग. तिच्या मते माझी दोन्ही पोटात आहेत."

सगळे हसले. चुन्यो, म्हणजे थंडीत सुकवलेले बटाटे, विकणारी दोन्या एदुविखेस माझ्या शेजारी बसली होती. ती हसली नाही. तिनं विचारलं, "आम्ही घरात बोलतो ते ह्या पट्ट्याला ऐकू जातं का?"

"नाही जात, सेन्योरा."

"मग तू आवाज का खाली केलास?"

मी विचारलं, "चांगलं काळीज कुठलं आणि वाईट कुठलं, हे माप तुम्ही कुणाच्या काळजावरून घेतलंय? समुद्रकाठच्या पोरांच्या? इथं पाहुणा आला तर दुसऱ्या पायरीवर बसकण मारतो. आमची पोरं चार हजार मीटरवर धावतात."

"चांगला मुद्दा आहे," तो म्हणाला आणि वहीत लिहून घेतलं. मी पुढच्याच बाकावर होते. त्याचं पेन हललं, कागदावर काही उमटलं नाही. टोपणच काढलं नव्हतं.

तरी मी सही केली. सही न करणारी आई म्हणजे मुलीची पर्वा नसलेली आई, असा शाळेचा हिशेब असतो. आणि खरं सांगायचं तर माझ्याकडे दुसरं काही उरलं नव्हतं. पट्टा घरी आणल्यावर त्याचं माहितीपत्रक मी तीनदा वाचलं. बॅटरी पाच दिवस. पाठीमागे हिरवा दिवा लुकलुकत असेल तर पट्टा कातडीला लागलेला आहे, नसेल तर नाही. इतकं सोपं यंत्र. चांगलं होतं, त्यात खोट नव्हती.

दोन आठवड्यांनी पाकिटं आली. आतला कागद गुप्त होता म्हणे, पण पाकिटाचा रंगच लाल, पिवळा नाहीतर हिरवा. लाल पाकीट दप्तरात लपवून ठेवणारी पंधरा वर्षांची पोर कुणाला ओळखू येत नाही? दानित्साचं लाल होतं.

बाजारात एदुविखेस म्हणाली, "तुझ्या पोरीचं लाल आलं म्हणे. माझ्या विल्मेरचं हिरवं. त्याला मन आहे का, हीच मला शंका होती, आता कागदच मिळाला."

लाल मुलांसाठी तुम्ही एक बाई पाठवलीत. मानसोपचारवाली. नोएलिया मॅडम. शाळेच्या स्वयंपाकघरामागे, दुधाच्या पिशव्या ठेवतात त्या खोलीत, दर मंगळवारी. माझा तिच्यावर विश्वास नव्हता. मऊ बोलणारी, मऊ बूट घालणारी. असली माणसं घरातलं काढून घेतात आणि जाऊन दुसरीकडे मांडतात. म्हणून पहिल्या मंगळवारी मी दाराला कान लावून उभी राहिले. तिनं दार उघडलं.

"दोन्या बासिलिया, बाहेर गारठा आहे. दानित्सा हो म्हणाली तर आत या आणि उघड ऐका."

दानित्सानं मान हलवली. नाही.

"मग नाही," मॅडम म्हणाली आणि दार लावलं. माझ्याच पोरीचं दार माझ्याच तोंडावर. मी दिवसभर धुमसत होते. संध्याकाळी लक्षात आलं, नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा पोरीनं कुणाला तरी 'नाही' म्हटलं होतं.

दुसऱ्या मंगळवारी मॅडमनं मला बोलावलं. "तुम्ही घड्याळं विकता ना? चांगलं घड्याळ कसं चालतं?"

"एकसारखं."

"काळजाचं उलटं असतं. श्वास घेतला की ते जरा पळतं, सोडला की जरा रेंगाळतं. बरं असलेलं काळीज बाजारात निघालेल्या बाईसारखं चालतं. इथं थांबली, तिथं वळली, ओळखीचं दिसलं की घुटमळली. घाबरून गेलेलं काळीज कवायतीतल्या शिपायासारखं. टक, टक, टक. थांबत नाही, वळत नाही."

तिनं माझीच दोन बोटं माझ्याच मनगटावर ठेवली आणि म्हणाली, श्वास घ्या. खरंच पळत होतं. सोडा. खरंच रेंगाळत होतं. त्रेचाळीस वर्षं हे माझ्या अंगात चाललंय आणि मला माहीत नव्हतं.

"मग ठोके मोजले की पोरीच्या मनातलं कळतं?" मी विचारलं.

"नाही. कुठलं दार ठोठावायचं ते कळतं. आत काय आहे ते तिनं सांगितलं तरच."

तिसऱ्या मंगळवारी दानित्सा घरी आली, वाडगाभर चाइरो जेवली, चुन्यो उरला होता तोही खाल्ला आणि भांडं घासता घासता म्हणाली, "मिरेयाच्या सँडलचा पट्टा मीच घट्ट बांधला होता, आई. सकाळी. तुटणारच होता." इतकंच. पण ते नाव चार महिन्यांनी घरात उच्चारलं गेलं.

आता माझी गोष्ट. तुम्ही हसाल. खुशाल हसा, तुमची पाळी नंतर आहे.

मॅडम तिच्याशी बोलत होती, ते ठीक. पण ज्याच्यावर एवढी दहशत बसते त्याचा अहायु, त्याचा आत्मा, अंगातून निघून जातो आणि जिथं भ्यालं तिथंच राहतो. हे मला कुणी शिकवायला नको. माझ्या आईनं मला विहिरीपाशी जाऊन बोलावून आणलं होतं. दानित्साचा अहायु त्या मैदानावर उघड्यावर होता, आणि मॅडमच्या खोलीत बसलं होतं ते नुसतं अंग. दोन्हीकडून ओढल्याशिवाय गाडी निघत नाही, असा मी विचार केला. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

मी ताता कासिमिरोकडे गेले. म्हातारा यातिरी आहे, आमच्यातला जाणता, त्याच्यावर स्वतःवर तरुणपणी वीज पडली होती, म्हणून विजेच्या जागी जायचा त्याला हक्क आहे. इतर कुणी तिथल्या गवताला हात लावत नाही. त्यानं कौल घ्यायला कोकाची पानं टाकली, बराच वेळ पाहिली.

"तिच्या अंगावरची वस्तू आण. धुतलेली नको. दिवसरात्र अंगाला लागलेली पाहिजे."

"टोपी चालेल?"

"टोपी रात्री काढते की नाही?"

"काढते."

"मग नाही चालणार."

दिवसरात्र अंगाला लागलेलं, न धुतलेलं, असं दानित्साच्या अंगावर काय होतं? विचार करा. तुम्हीच बांधलं होतंत. आणि मला तर ते पटलंच, कारण जी वस्तू पोरीचं काळीज मोजत बसलीय तिच्यात पोरीचा अंश जास्त असणार की टोपीत? ताता कासिमिरोनं पट्टा हातात घेऊन उलटापालटा केला, हिरवा दिवा पाहिला आणि म्हणाला, "हा तर जागाच आहे. बरं झालं."

मुलीला मी खोटं सांगितलं. म्हटलं, बॅटरी बिघडलीय, बदलून आणते. माझ्या धंद्यातलं खोटं, तिनं लगेच मानलं.

अकरा मार्चला दिवस कलताना आम्ही मैदानावर गेलो. तात्यानं घंटी वाजवली, मी पट्टा हातात धरून तिचं नाव घेतलं. हुताम, दानित्सा, हुताम. ये, घरी ये, सूप गरम आहे. घसा बसेपर्यंत बोलावलं. मग तात्यानं पट्टा पांढऱ्या लोकरीत गुंडाळला, त्यावर डावीकडं पिळलेला दोरा, त्यावर माझ्या आवायोचं, पाठीवरच्या रंगीत चादरीचं, फडकं, आणि गाठ मारली. "नऊ दिवस हिच्या उशाखाली. गाठ सोडायची नाही. मध्येच सोडलीस तर अर्ध्या वाटेवरून परत जाईल."

मी सोडली नाही. बारा मार्च ते वीस मार्च, नऊ दिवस, पट्टा लोकरीत होता. पोर शाळेत लांब बाह्यांचा स्वेटर घालून जात होती. नऊ दिवसांत एकाही मास्तरानं तिची बाही वर करून पाहिली नाही. तुमच्याकडून फोन आला नाही. एकवीसला सकाळी मी गाठ सोडली, पट्टा मेलेला होता, चार्जरला लावला आणि तिच्या हाताला परत बांधला. आयुष्यभर बॅटऱ्या विकणाऱ्या बाईला तिथंच कळायला हवं होतं. पण मला आनंद झाला होता. पोरीनं त्या सकाळी स्वतःहून केस विंचरले होते.

पंचवीस तारखेला हिरवं पाकीट आलं.

शाळेच्या प्राचार्यांनी माझा हात हातात घेतला. "अभिनंदन, सेन्योरा. लालमधून सरळ हिरवं. आपल्या शाळेत पहिलीच." मी रडले. मग बाजारातून दारूची एक बाटली आणि कोकाची पिशवी घेऊन ताता कासिमिरोकडे गेले. तोही खूश झाला. म्हणाला, "यंत्रानंसुद्धा मानलं बघ." आम्ही दोघांनी जमिनीवर दोन थेंब सांडले आणि उरलेली प्यायलो. तुमच्या खोट्या कागदावर. माझ्या पैशानं.

पुढच्या मंगळवारी दानित्सा नेहमीपेक्षा तासभर आधी घरी आली. दप्तर न काढता खाटेवर बसली.

"मॅडम आली नाही?"

"खोलीत स्टुलं रचून ठेवलीत. प्राचार्य म्हणाले, हिरव्या मुलांना तास नसतो. मॅडमना दुसऱ्या शाळेत लाल मुलं दिलीत."

"पण तुझं अजून..."

"मी बरी झालेय, आई. कागदावर आहे."

हे तिनं चिडून म्हटलं असतं तर मला चाललं असतं. तिनं ते गणिताचं उत्तर वाचून दाखवावं तसं म्हटलं.

मॅडमला मी फोन केला. तिनं उचलला, हे मी तिच्या बाजूनं लिहून ठेवते. म्हणाली, "मला वरून नावांची यादी येते. यादीबाहेरचं मूल घेतलं तर माझी नेमणूक जाते. मी लिहून विचारलं होतं, एवढ्या लवकर हिरवं कसं. उत्तर नाही आलं." म्हणजे तुमच्याच बाईलाही तुम्ही उत्तर देत नाही.

त्यानंतरच्या शनिवारी, चार एप्रिलला, दुपारी आभाळ काळं झालं. पावसाळा संपत आला होता, कुणाला अपेक्षा नव्हती. मी बाजारातला उरलेला माल लावत होते. दानित्सा दुकानातून पाव आणायला गेली होती. पाव आणायला दहा मिनिटं लागतात. पंचवीस झाली, गारा पडू लागल्या, आणि मी माल तसाच टाकून निघाले. मला कुणी सांगावं लागलं नाही कुठं जायचं ते.

ती मैदानाच्या मधोमध उभी होती. त्याच जागी. पावाची पिशवी हातात, डोकं उघडं, तोंड वर. टेकडीमागे वीज चमकत होती. ज्या गवताला कुणी हात लावत नाही त्यावरून मी पोयेरा, माझा घेरदार परकर, वर धरून धावत गेले. तिच्या दंडाला धरलं.

"चल."

"थांब जरा."

"कशासाठी थांबू?"

"चार पावलांचाच फरक होता. बघत होते, माझ्यावर पडायचं चुकून राहून गेलं असेल तर."

मी मारलं नाही तिला. देवाशपथ हात उठला होता. मी तिला ओढत शाळेच्या भिंतीआड नेलं, माझ्या शालीत घेतलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून तिच्या मनगटावर बोटं ठेवली. तुमचा पट्टा वर सरकवून. टक, टक, टक, टक. गारांत उभी राहिलेली पोर, आणि काळीज शिपायासारखं. श्वास घे म्हटलं, घेतला. पळालं नाही. सोड म्हटलं, सोडला. रेंगाळलं नाही. पट्ट्याच्या पाठीमागे हिरवा दिवा आपला लुकलुकत होता.

त्या दिवशी घरी येऊन मी तुमचं हिरवं पाकीट पुन्हा उघडलं आणि या वेळी माहितीपत्रक वाचते तसं वाचलं. शेवटून. सगळ्यात खाली, लहान अक्षरात होतं: 'बारा ते वीस मार्च. चाल स्थिर, हिरवी. नोंद पूर्ण.'

नोंद पूर्ण. बॅटरी पाच दिवस चालते. पाचव्या दिवसानंतर त्या पट्ट्याला स्वतःचं काळीज नव्हतं, माझ्या मुलीचं कुठून येणार? आणि पहिले पाच दिवस तो लोकरीला बांधलेला होता. मेंढीला कापल्यावर लोकरीत ठोके राहतात का, ते तुम्ही सांगा.

सोमवारी मी रोपवेनं खाली उतरले. तुमच्या चौथ्या मजल्यावर दरवाजापाशी एक भलंमोठं चित्र लावलंय. हसणारी मुलं, आणि वर लिहिलंय की लाल मुलांपैकी इतकी हिरवी झाली. त्या मुलांत एकाच्याही गालावर आमच्याकडचा वाऱ्यानं फाटलेला लाल डाग नव्हता. जाकीटवालाच खिडकीत बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही.

मी कागद ठेवला. "हे नऊ दिवस कुठून आले?"

त्यानं यंत्रात पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "इथं नोंद पूर्ण आहे, सेन्योरा."

"ते मला वाचता येतं. कुठून आली ते विचारते."

"कधीकधी पट्टा सैल असतो, नोंद तुटते. मग रिकाम्या जागा भरल्या जातात."

"कशानं?"

"वर्गाच्या सरासरीनं. ही सगळीकडे मान्य पद्धत आहे."

मी ते नीट समजून घेतलं. मी हळू समजते पण पूर्ण समजते. "म्हणजे माझी पोर नव्हती तिथं तुम्ही दुसऱ्यांची पोरं घातलीत. विल्मेरचं थोडं, फाउस्तोच्या पोरीचं थोडं. आणि वर तिचं नाव लिहिलंत."

"असं सरळ नाही म्हणता येणार."

"मग वाकडं म्हणून दाखव."

त्यानं पुन्हा यंत्रात पाहिलं. मग त्याला एक गोष्ट सुचली आणि तोंडावर रंग आला. "सेन्योरा, नऊ दिवस सलग नोंद नाही म्हणजे पट्टा काढलेला होता. काढायचा नाही अशी तुमची सही आहे."

"हो. मी काढला."

ह्याची त्याला तयारी नव्हती. त्यानं खणातून एक छापील कागद काढला. कुटुंबाच्या निष्काळजीपणामुळे नोंदीत त्रुटी, खाली सही. छापील. म्हणजे असं होतं हे तुम्हाला माहीत होतं. माझ्याआधी कितीजणींनी त्यावर सही केलीय?

"ह्यावर सही केली तर मंगळवार परत मिळतो?"

"ते माझ्या हातात नाही. शिवाय निकाल छापून वर गेलाय. हिरव्याचं परत लाल करायला तरतूद नाही."

"लालचं हिरवं करायला आहे?"

त्यानं पाण्याचा ग्लास पुढे केला. मी प्यायले नाही आणि छापील कागद त्याच्याकडेच ठेवला, बिनसहीचा.

गुरुवारी बाजारात मी एदुविखेसला सगळं सांगितलं. गाठोड्यासकट. वाटलं, टोमणा मारील. ती चुन्यो निवडत राहिली आणि मग इकडं तिकडं पाहून म्हणाली, "कुणाला सांगू नको. विल्मेरनं पहिल्याच आठवड्यात पट्टा कुत्र्याला बांधला."

"कुत्र्याला?"

"खाजतो म्हणाला. कुत्रा हिरवा आला."

मी हसले. ती हसली नाही. हातातला चुन्यो तिनं खाली ठेवला. "पण मग माझ्या पोराचं काय आलं असतं, बासिलिया? रात्री तो दात खातो. मी हिरवा कागद बघून गप्प बसले."

फाउस्तोला विचारलं. त्याच्या पोरीनं पट्टा पहिल्या दिवशीच टाकीत पाडला होता आणि भीतीनं सांगितलं नव्हतं. तिचं पाकीटही हिरवं. तो गवंडी माणूस टोपी काढून उभा राहिला आणि एकही विनोद करेना. आता तो, एदुविखेस आणि मी, तिघांची नावं ह्या कागदाच्या तळाशी आहेत. वाचता येतील अशी लिहिलीत.

मला यंत्राशी भांडायचं नाही. यंत्रानं पहिल्या दोन आठवड्यांत खरं सांगितलं होतं. माझी पोर लाल होती, आणि त्या लाल रंगानं एक बाई आमच्या दारात आणली, जिनं मला माझंच मनगट दाखवलं. ती विद्या खरी आहे, मी माझ्या बोटांनी तपासलीय. हल्ली रोज सकाळी शाळेत जाण्याआधी दानित्सा हात पुढे करते आणि मी मोजते. तिला वाटतं मी वेडी झालेय. कालपर्यंत शिपाईच होता. मी बाजारात गेले तर शेजारीण तिच्याजवळ बसते, आणि आभाळ भरलं की मी दुकान मांडत नाही. किती दिवस? बॅटरी माझीही आहेच.

गाठ मी बांधली. पोरीशी खोटं बोलले, शाळेपासून लपवलं, हिरव्या कागदावर दारू प्यायले. हा माझा गुन्हा, तुमच्या छापील कागदावर नाही, इथं, माझ्या अक्षरात. मी माझं लिहून दिलं. आता तुम्ही तुमचं लिहून द्या.

बारा मार्च ते वीस मार्च माझ्या मुलीच्या नावासमोर कुणाचं काळीज होतं? त्या मोठ्या चित्रातल्या हिरव्या मुलांपैकी किती लोकरीत होती, किती टाकीत, किती कुत्र्याच्या पायाला? आणि नोएलिया मॅडम स्वयंपाकघरामागच्या त्या खोलीत पुन्हा कुठल्या मंगळवारी बसणार आहे? तारीख पाहिजे. सहीखाली नाव पाहिजे. मी गुरुवारी आणि रविवारी बाजारात असते, बाकीचे दिवस घरी मुलीजवळ. उत्तर द्या.